कच्च्या पेशी आणि परळची कहाणी

उर्दू-मराठी शिकवणाऱ्या शिक्षिकेकडे मुलांच्या वह्यांबरोबर घरचे इतर कागदही येतात. बँकेचं पत्र, वीजबिल, कुठला तरी अर्ज आणि कधी कधी रक्ताच्या तपासणीचा रिपोर्ट. रिपोर्ट इंग्रजीत असतो आणि घरात इंग्रजी वाचणारं कुणी नसतं. मी शब्दांचा अर्थ सांगते, इलाज सांगत नाही. पण ज्या घरात कुणाचं बोन मॅरो ट्रान्सप्लान्ट, म्हणजे अस्थिमज्जेचं प्रत्यारोपण झालेलं असतं, तिथे एक शब्द सगळ्यांची झोप उडवतो. तो शब्द म्हणजे ‘इमॅच्युअर’. पांढऱ्या पेशींच्या यादीत मायलोसाइट, मेटामायलोसाइट अशी नावं येतात आणि पुढे लिहिलेलं असतं की या कच्च्या पेशी आहेत. ब्लड कॅन्सर म्हणजे रक्तात कच्च्या पेशी, एवढं त्या घराला आजारपणात पाठ झालेलं असतं. त्यामुळे पहिला प्रश्न येतो तो हाच: आजार परत आला का?

या प्रश्नाचं उत्तर रुग्णाचे डॉक्टरच देऊ शकतात. पण ‘कच्ची पेशी’ म्हणजे काय हे माणसाला कसं कळलं, त्याला इतिहास आहे. त्या इतिहासाची दोन मोठी वळणं आपल्या मुंबईत, परळमध्ये आहेत. ठाकुर्लीहून धिम्या लोकलने जिथे पोहोचता येतं तेच परळ. त्यातल्या एका वळणावर आपल्याच समाजातल्या गरीब बायका उभ्या आहेत, आणि ही गोष्ट आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक आहे.

आधी मज्जा म्हणजे काय ते पाहू. निहारीतली नल्ली सगळ्यांना माहीत आहे. तिच्या आतला गूदा म्हणजेच मज्जा. मात्र नल्लीतला गूदा बहुतेक चरबीचा, पिवळसर असतो. मोठ्या माणसात रक्त तयार करणारी मज्जा लाल असते आणि ती मुख्यतः कमरेचं हाड, छातीचं हाड, मणके आणि बरगड्या यांत असते. हाडाच्या आत रक्त तयार होतं ही कल्पना एके काळी विद्वानांनाही हास्यास्पद वाटली होती. १८६८ साली कोनिग्सबर्गच्या एर्न्स्ट नॉयमन यांनी ते दाखवून दिलं. त्याआधी, १८४५ साली, बर्लिनमध्ये रुडॉल्फ फिरखो यांनी एका रुग्णाच्या रक्तात पांढऱ्या पेशींचा पूर पाहिला होता. पुढे त्यांनीच या आजाराला ल्युकेमिया, म्हणजे ‘पांढरं रक्त’, हे नाव दिलं. पण पांढऱ्या पेशींमध्ये कोणती कच्ची आणि कोणती पक्की, हे त्यांना ओळखता येत नव्हतं. काचेवर साऱ्याच पेशी फिकट दिसत.

ती ओळख पटवून दिली रंगांनी. एकोणिसाव्या शतकात जर्मनीत डांबरापासून ॲनिलिनचे रंग बनू लागले होते. ते होते कापड रंगवण्यासाठी. पाउल एर्लिख या तरुण डॉक्टरने १८७० च्या दशकाच्या अखेरीस तेच रंग रक्ताच्या थेंबावर वापरले आणि पेशी वेगवेगळ्या रंगल्या. कुणात लाल दाणे, कुणात निळे, कुणाच्या केंद्राला एकच गोळा, तर कुणाच्या केंद्राला चार-पाच पाकळ्या. रिपोर्टवर पांढऱ्या पेशींचे जे प्रकार टक्क्यांत छापलेले असतात, त्या मोजणीचं मूळ इथे आहे. आपल्याकडच्या अनेक लॅबमध्ये आजही वापरला जाणारा लीशमन स्टेन हा त्याच घराण्यातला.

मग पेशीचं वय मोजायची वेळ आली. मज्जेत न्यूट्रोफिल नावाची पांढरी पेशी पायरी पायरीने तयार होते: मायलोब्लास्ट, प्रोमायलोसाइट, मायलोसाइट, मेटामायलोसाइट, बँड आणि शेवटी पाकळ्यांचं केंद्र असलेली पक्की पेशी. या प्रवासाला साधारण दीड-दोन आठवडे लागतात. निरोगी माणसाची मज्जा रोज सुमारे १०० अब्ज न्यूट्रोफिल बनवते, आणि रक्तात आल्यावर ती पेशी एक दिवसही टिकत नाही. म्हणजे कारखाना कधीच बंद नसतो आणि गोदामात कच्चा माल कायम असतो. फरक एवढाच की एरवी तो दाराबाहेर येत नाही.

१९०४ साली योसेफ आर्नेट या जर्मन डॉक्टरने केंद्राच्या पाकळ्या मोजून पेशींचे रकाने पाडले. कमी पाकळ्यांच्या, म्हणजे तरुण पेशी डावीकडे आणि जास्त पाकळ्यांच्या म्हाताऱ्या पेशी उजवीकडे. मोठा जंतुसंसर्ग झाला की मज्जा घाईने तरुण पेशी बाहेर धाडते आणि डावीकडचे रकाने भरतात. त्यावरून ‘लेफ्ट शिफ्ट’ हा शब्द रूढ झाला, तो आजही रिपोर्टवर दिसतो. आर्नेटने उर्दूच्या वहीत रकाने पाडले असते, तर हीच गोष्ट ‘राइट शिफ्ट’ ठरली असती! पण नावापेक्षा त्यामागचा विचार महत्त्वाचा होता. रक्तात कच्ची पेशी दिसणं हा स्वतः आजार नाही, ती मज्जेकडून आलेली खबर आहे. ही खबर घाईची आहे, दुरुस्तीची आहे की बिघाडाची, ते पुढे शोधावं लागतं.

आता परळकडे येऊ. १९२८ साली लुसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. गिरणगावातल्या गरीब बायकांना गरोदरपणात एक भयंकर रक्तक्षय होत होता. त्यांच्या लाल पेशी संख्येने कमी पण आकाराने मोठ्या असत. अनेक बायका त्यात दगावत. परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये विल्सने काम सुरू केलं. इकडे कल्याणजवळ आपल्या ठाकुर्लीचं पॉवर हाऊस रेल्वेला वीज देऊ लागलं, त्याच काळातली ही गोष्ट.

विल्सने आधी जंतू शोधले. ते कारण नाही असं दिसल्यावर ती घराघरातल्या ताटाकडे वळली. एस. एन. तळपदे यांच्यासोबत तिने मुंबईतल्या स्त्रियांच्या आहाराची आणि राहणीमानाची पाहणी केली. ती १९३० साली प्रसिद्ध झाली. वेगवेगळ्या थरांतल्या बायका काय खातात आणि कुणाला हा रक्तक्षय जास्त होतो, हे तिने ताडून पाहिलं. ज्यांचा आहार सर्वांत अपुरा आणि ज्यांना हा आजार सर्वाधिक, त्या होत्या गरीब मुस्लिम बायका. कारण मजहब नव्हतं, रक्ताची जात नव्हती. कारण होतं ताट. पैशाची चणचण असलेल्या घरात सर्वांत शेवटी आणि सर्वांत कमी खाणारी बाई कोण, हे आपल्याला कुणी सांगायला नको.

त्या बायकांचा आहार तिने प्रयोगशाळेतल्या उंदरांना दिला. उंदरांनाही रक्तक्षय झाला, पण त्यात उवांमधून आलेल्या एका जंतूची भानगड निघाली आणि प्रयोग फसला. मग तिने माकडांवर काम केलं. अखेर यीस्टचा एक स्वस्त अर्क कामी आला. पावाला लावून खायचा तो मार्माइट. तो दिल्यावर मरणाच्या दारातल्या बायकांचं रक्त भरू लागलं. १९३१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये तिने हे जाहीर केलं. मार्माइटमधला तो अज्ञात पदार्थ ‘विल्स फॅक्टर’ म्हणून ओळखला जाऊ लागला. १९४१ साली अमेरिकेत तो पालकाच्या पानांतून वेगळा केला गेला आणि पानाच्या लॅटिन शब्दावरून त्याचं नाव पडलं फॉलिक ॲसिड.

मज्जेत याचा अर्थ काय होतो? पेशी दुप्पट होताना तिला आपल्या डीएनएची नक्कल करावी लागते आणि त्या कामाला फॉलिक ॲसिड लागतं. ते नसेल तर पेशी आकाराने वाढतात, पण नीट विभागत नाहीत. मज्जा कच्च्या, अडकलेल्या पेशींनी भरून जाते आणि रक्तात मात्र पेशींचा दुष्काळ पडतो. जे न्यूट्रोफिल बाहेर येतात त्यांना गरजेपेक्षा जास्त पाकळ्या असतात. आर्नेटच्या पट्टीवर ते उजव्या टोकाला जातात. परळच्या त्या बायकांच्या मज्जेने जगाला शिकवलं ते हे: कच्ची पेशी पक्की का होत नाही, त्याला कारण असतं आणि ते कारण दूर करता येतं.

त्याच १९३१ साली याच शहरातल्या एका अतिश्रीमंत घराण्यात दुसरा मृत्यू झाला. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई वेल्समधल्या रुग्णालयात ल्युकेमियाने गेल्या. पैसा होता, पण औषध जगातच नव्हतं. पुढच्या वर्षी दोराबजींनी त्यांच्या नावाने ल्युकेमियाच्या संशोधनासाठी ट्रस्ट स्थापन केला आणि त्याच वर्षी तेही गेले. त्यांच्या नावाच्या ट्रस्टने परळमध्ये, हाफकिनपासून पायी जाता येईल एवढ्या अंतरावर, कॅन्सरचं रुग्णालय बांधलं. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी ते सुरू झालं. तेच आपलं ‘टाटा’. १९६२ साली ते अणुऊर्जा खात्याकडे गेलं. त्या खात्याचे प्रमुख होमी भाभा हे मेहेरबाईंच्या भावाचे चिरंजीव.

मार्माइटचा धागा मात्र अमेरिकेत पोहोचला होता. आंध्रातल्या भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव लेडर्ली कंपनीत संशोधन प्रमुख होते. त्यांच्या चमूने १९४५ साली फॉलिक ॲसिड प्रयोगशाळेत बनवलं. बोस्टनचे डॉक्टर सिडनी फार्बर यांनी ल्युकेमियाच्या मुलांवर फॉलिक ॲसिडसारखी संयुगं वापरून पाहिली, तेव्हा आजार उलट वेगाने वाढला असं त्यांना दिसलं. मग त्यांनी उलटा विचार केला. फॉलिक ॲसिडने या पेशी वाढत असतील, तर त्याला अडवणारं औषध त्यांना उपाशी मारेल. सुब्बारावांच्या प्रयोगशाळेतून ॲमिनोप्टेरिन आलं. १९४८ साली फार्बर यांनी १६ मुलांचा अहवाल छापला. त्यातल्या १० मुलांना काही काळ आराम पडला. काही महिन्यांचाच, पण ल्युकेमिया मागे हटतो हे जगाने तेव्हा पाहिलं. ॲमिनोप्टेरिनचा भाऊ मेथोट्रेक्सेट आजही रोज वापरात आहे.

तरीही अनेकांचा आजार परत येत असे. मग धाडसी कल्पना आली की बिघडलेली मज्जा पूर्ण जाळून टाकायची आणि दुसऱ्याची निरोगी मज्जा द्यायची. अमेरिकेत डॉ. डॉनल थॉमस यांनी १९५७ साली अशा सहा रुग्णांचा अहवाल दिला. त्यातला एकही फार काळ जगला नाही. परकी मज्जा शरीर नाकारतं, आणि रुजलीच तर ती मज्जाच शरीरावर हल्ला करते. पांढऱ्या पेशींवर ओळखीच्या खुणा असतात, हे जाँ दोसे यांनी फ्रान्समध्ये १९५८ साली दाखवलं. या एचएलए खुणा जुळल्या तर प्रत्यारोपण टिकतं. सख्ख्या भावंडात त्या पूर्ण जुळण्याची शक्यता चारांत एक. थॉमस यांनी सिॲटलमध्ये वर्षानुवर्षं चिकाटीने ही पद्धत बसवली आणि १९९० साली त्यांना नोबेल मिळालं. परकी मज्जा अंगावर उठू नये म्हणून सिॲटलमध्ये प्रत्यारोपणानंतर जे औषध थोडं थोडं देत, ते होतं मेथोट्रेक्सेट. मार्माइटचा धागा असा प्रत्यारोपणापर्यंत येऊन पोहोचला.

थॉमस यांच्याकडे शिकून आलेले डॉ. सुरेश अडवाणी टाटा रुग्णालयात काम करत होते. कराचीत जन्म, फाळणीनंतर कुटुंब मुंबईत, आठव्या वर्षी पोलिओ आणि तेव्हापासून व्हीलचेअर. ग्रँट मेडिकल कॉलेजने अपंगत्वामुळे त्यांना आधी प्रवेश नाकारला होता. १९८३ च्या मार्चमध्ये त्यांच्या चमूने ल्युकेमिया झालेल्या नऊ वर्षांच्या एका मुलीला तिच्या भावाची मज्जा दिली. भारतातलं पहिलं यशस्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपण परळमध्ये झालं. विल्सचा शोध आणि हे प्रत्यारोपण यांत अर्धं शतक आणि जेमतेम पायी चालण्याएवढं अंतर आहे.

आता त्या रिपोर्टकडे परत वळते. प्रत्यारोपणाच्या आधी जबर औषधांनी रुग्णाची मज्जा रिकामी केली जाते. पांढऱ्या पेशी जवळजवळ शून्यावर येतात. दिलेली नवी मज्जा रक्तातून हाडापर्यंत आपली वाट शोधते आणि रुजायला साधारण दोन ते चार आठवडे घेते. एका घनमिलिमीटर रक्तात ५०० पेक्षा जास्त न्यूट्रोफिल सलग तीन दिवस दिसले की डॉक्टर म्हणतात, मज्जा धरली. त्या दिवसांत नवी मज्जा घाईत असते. त्यात वाढीचं इंजेक्शन, जी-सीएसएफ, दिलेलं असलं तर आणखी घाई. हे औषध अमेरिकेत १९९१ साली मान्य झालं. अशा वेळी मायलोसाइट, मेटामायलोसाइट, क्वचित एखाद-दुसरा ब्लास्टही रक्तात डोकावतो. बहुतेक वेळा ही येणाऱ्या पिकाची कोवळी रोपं असतात.

याचा एक पुरावा मला फार बोलका वाटतो. जी-सीएसएफ निरोगी दात्यालाही देतात, त्याच्या रक्तात मूळ पेशी उतराव्यात म्हणून. त्या चार-पाच दिवसांत त्या धडधाकट माणसाच्या रक्तातही कच्च्या पेशी दिसतात. त्याला कोणताही आजार नसतो. इंजेक्शन थांबलं की काही दिवसांत सगळं जागेवर येतं.

पण म्हणून प्रत्येक कच्ची पेशी निष्पाप मानायची का? नाही. आजार परत येतो तोही कच्च्या पेशींच्याच रूपात. म्हणूनच डॉक्टर एका कागदावर निकाल देत नाहीत. ते पाहतात, कच्च्या पेशींच्या मागोमाग पक्क्या पेशी येताहेत का? सगळ्या पायऱ्यांच्या पेशी आहेत की एकाच पायरीवर गर्दी साचली आहे? लाल पेशी आणि प्लेटलेट वाढताहेत का? पुढच्या तपासणीत ब्लास्ट कमी झाले की वाढले? गरज पडली तर मज्जा काढून पाहतात, पेशींवरच्या खुणा यंत्राने तपासतात आणि त्या पेशी दात्याच्या आहेत की रुग्णाच्या, हेही शोधतात. बहिणीला भावाची मज्जा दिली असेल, तर तिच्या रक्तपेशींत भावाचं वाय गुणसूत्र सापडतं. घरच्यांनी करायचं ते एवढंच: आधीचे सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून फाइल घेऊन जाणं, ठरलेली तपासणी न चुकवणं, ताप आला तर त्याच दिवशी कळवणं आणि मोबाइलवर शब्द शोधून स्वतः निकाल न लावणं. औषध मनाने बंद करणं तर मुळीच नको.

हा इतिहास आपल्या वाचकांसमोर ठेवण्यामागे आणखी एक कारण आहे. भावंडाची मज्जा जुळली नाही तर अनोळखी दाता शोधावा लागतो. आता आई-वडिलांची अर्धी जुळणारी मज्जाही वापरता येते, पण पूर्ण जुळणाऱ्या दात्याची गरज संपलेली नाही. एचएलएच्या खुणा वंशपरंपरेने चालतात, त्यामुळे जुळणारा दाता आपल्याच लोकांत मिळण्याची शक्यता जास्त असते. २००९ पासून काम करणाऱ्या ‘दात्री’सारख्या नोंदणीसंस्थांत १८ ते ५० वर्षांचा निरोगी माणूस नाव देऊ शकतो. सुरुवातीला गालाच्या आतून कापसाने घेतलेला नमुना पुरतो. आपल्या मोहल्ल्यात मात्र अजून ऐकू येतं की मज्जा मणक्यातून काढतात, माणूस लुळा पडतो, ताकद जाते. खरं असं आहे की ती कमरेच्या हाडातून भूल देऊन घेतात, किंवा आजकाल बहुतेकदा हाताच्या शिरेतून, यंत्राद्वारे. आणि काही आठवड्यांत ती पुन्हा भरते. मजहबी शंका असेल तर जरूर आपल्या आलिमांना विचारा. पण विचारताना त्यांना हेही सांगा की यात दात्याचा कोणताही अवयव कायमचा जात नाही. एक जीव वाचवण्याबद्दलची आयत आपल्याला पाठ असतेच.

दुसरी गोष्ट घरातली. सरकारी दवाखान्यात गरोदर बाईला जी लाल गोळी मोफत मिळते, तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. तोंडाला चव नाही, पोटात मळमळतं म्हणून ती गोळी कपाटात पडून राहते. त्या गोळीतलं फॉलिक ॲसिड कुणाच्या रक्तातून शोधलं गेलं, ते सुनेला आणि सासूलाही सांगायला हवं.

लुसी विल्सचं नाव इतिहासात आहे, असावंच. मेहेरबाईंच्या आठवणीने उभं राहिलेलं रुग्णालय सगळा देश ओळखतो. ज्या गिरणगावातल्या बायकांनी आपलं रक्त तपासायला दिलं, चुलीवर काय शिजतं ते सांगितलं, त्यांची नावं कुठल्याही पाटीवर नाहीत. त्यातल्या कुणाला ठाऊक नव्हतं की आपल्या आजारातून एक जीवनसत्त्व सापडेल, त्याच्या उलट्या वाटेवर ल्युकेमियाचं औषध निघेल आणि त्याचा उपयोग पुढे प्रत्यारोपणातही होईल. वैद्यकशास्त्र म्हणजे दुसऱ्यांनी आपल्यावर केलेले उपकार, असं आपल्यातले बरेच जण धरून चालतात. या कहाणीत देणारे आपणही होतो. तेव्हा न विचारता, न सांगता दिलं. आता समजून-उमजून देता येईल.